नारिंगी चष्म्यामागचा डोळा

१

साहेब, निकाल तुम्ही आधी टाईप करून घेतलात आणि चौकशी नंतर नेमलीत. नाही म्हणू नका. निकालावर सोमवारची तारीख आहे, चौकशीच्या आदेशावर मंगळवारची. तुम्हाला चौकशी नकोच होती, खाली सही करणारा हात हवा होता. जुना, थोडा थरथरणारा, मोठ्या खुर्चीपुढे आपोआप जोडला जाणारा. म्हणून तुम्ही भिंगकाकांना बोलावणं धाडलंत. तिथेच तुमचं गणित फसलं.

भिंगकाकांनी त्या संशोधन संस्थेत अडतीस वर्षं उपकरणं दुरुस्त केली. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं बिघडलेल्या यंत्रांनी शिकवलं. गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं घड्याळजीचं भिंग, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मंगळवारी सकाळी दहाला संचालकांनी त्यांना समोर बसवलं, चहा मागवला आणि फाईल पुढे सरकवली.

मामला असा होता. तिळाएवढी एक चिप. वीज दिली की तिच्यातून थेट हिरवा लेसर किरण निघतो. लाल चिप होते, निळी होते, हिरवी मात्र भल्याभल्यांना रडवते. ती जमली तर अख्खा प्रोजेक्टर चष्म्याच्या काडीत मावेल. इथल्या विभागप्रमुखांना, म्हणजे सगळ्यांच्या ‘सरां’ना, ती जमली होती. काळ्या डबीत बसवलेली त्यांची चिप सातशे तास जळत राहिली होती. बुधवारी बाहेरचे तज्ज्ञ स्वतःचं मोजमापाचं यंत्र घेऊन येणार होते. आणि सोमवारी सकाळी डबी मेलेल्या डोळ्यासारखी काळी पडलेली सापडली.

ठपका ठेवला होता सोनारणीवर. ती त्या विभागातली तंत्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सोन्याची तार चिपला जोडायचं तिचं काम, म्हणून सगळे सोनारीण म्हणत. फाईल सांगत होती की शनिवारी तिने मनगटपट्टी न लावता डबी हाताळली. अंगातली साचलेली वीज चिपमध्ये उतरली आणि चिप मेली. जोडीला नेत्रतज्ज्ञाचा अहवाल: उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध भाजल्याचा डाग. म्हणजे बाई किरण अडवणारा सुरक्षेचा चष्माही लावत नाही. पट्टी नाही, चष्मा नाही. निष्काळजी. बडतर्फ. उपचार तिचे तिने करावेत.

“चार वाजता सही द्या, काका,” संचालक म्हणाले. “उद्या पाहुणे येतायत. त्याआधी घर झाडून घ्यायला हवं.”

काकांनी अहवाल भिंगाखाली धरला. आवक शिक्का पाच महिन्यांपूर्वीचा, त्यावर संचालकांची छोटी सही. आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं: दोनपैकी पहिले पान.

दुसरं पान फाईलीत नव्हतं.

२

सोनारीण खाली मान घालून डाव्या डोळ्याने काम करत होती. उजवा मिटलेला. पस्तिशीची, काटक, बोटं इतकी स्थिर की काकांना हेवा वाटला.

बडतर्फीचं तिला कळलं होतं. रडून झालं होतं किंवा रडायचं नव्हतं, काकांना नीट ठरवता येईना. तिने सांगितलं की डाग सहा-एक महिन्यांपूर्वी सुरू झाला, मोहरीएवढा. संस्थेच्या नेत्रतज्ज्ञाने तपासलं आणि अहवाल ऑफिसला पाठवतो म्हणाला. ऑफिसने तिला काहीच कळवलं नाही, तेव्हा फारसं काही नसेल असं तिने धरलं. डाग वाढत गेला.

“आता या डोळ्याने तुमच्याकडे पाहिलं तर तुमचं नाक दिसत नाही,” ती म्हणाली. “तसं फार काही बुडालं नाही म्हणा.”

काका हसले नाहीत. उजवा गेला तो गेलाच, डाव्यावर ताण पडतोय, आणि निष्काळजी असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या बाईला कुठलीही प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही. तिचे हात हीच तिची विद्या होती आणि त्या हातांना डोळा लागत होता.

मेलेली डबी टेबलावर होती. काकांनी झाकणाच्या चार स्क्रूंवर भिंग फिरवलं. खाचा चार दिशांना. शेजारच्या ट्रेमध्ये सोनारणीने बंद केलेल्या वीसेक डब्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. प्रत्येक डबीच्या चारही खाचा एका रेषेत, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

“वडील घड्याळजी होते तुमचे?”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“स्क्रूंनी.”

लहानपणी खाच तिरकी राहिली तर वडील बोटांवर चिमटा मारायचे, असं ती म्हणाली. आता प्रयत्न केला तरी तिरकी ठेवता येत नाही. ही डबी आठ महिन्यांपूर्वी तिने चिप जोडून बंद केली, सरांच्या हातात दिली. नंतर रोज ती जागेवर नीट बसवायची, डबीला डोळा लावून तोंडावरच्या खुणेवरून किरणाची रेषा जुळवायची, पण स्क्रूला हात लावायची गरजच पडली नाही.

“म्हणजे दुसऱ्या कोणीतरी उघडली,” काका म्हणाले.

पहिला धागा हाती लागला होता. तो तुटायला अर्धा तासही लागला नाही.

३

सरांच्या हाताखालचा संशोधक विद्यार्थी सात वर्षं प्रबंध लिहीत होता. विभागात त्याला ‘होणारे डॉक्टर’ म्हणत, तेही त्याच्या तोंडावर. प्रबंध महिनाअखेरीस जायचा होता. नखं कुरतडून बोटं लाल झालेली. शनिवारी सोनारणीला पट्टीशिवाय पाहिलं ते त्यानेच.

स्क्रूंचं विचारताच तो पटकन म्हणाला की सोमवारी प्रकाश येईना म्हणून तपासायला त्यानेच झाकण उघडलं. बस. चार तिरक्या खाचांचा मुद्दा तिथेच जमीनदोस्त झाला.

काकांनी विषय बदलला. दाराशी नारिंगी काचांचे चष्मे टांगले होते. ते कोण सांभाळतं, असं त्यांनी सहज विचारलं.

या प्रश्नाने पोरगा फुलला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला अभिमान वाटावा असं कोणी काहीतरी विचारलं होतं. सुरक्षेची जबाबदारी त्याची. चष्म्याशिवाय तो कोणालाही आत सोडत नाही, खुद्द संचालकांनाही एकदा दारात थांबवलं होतं. वहीत रोज नोंद, रोज सही.

“आणि सोनारीणबाई?”

“ती तर चष्मा लावूनच जन्माला आलीय,” तो हसला. “आम्ही चिडवायचो तिला. एक दिवस चुकवलेला नाही तिने.”

बोलून गेला आणि मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. फाईलीत काय लिहिलंय ते त्याला आठवलं असावं. काकांनी सुरक्षेची वही उचलून बगलेत मारली.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी खुंटीवरचा एक चष्मा डोळ्यांवर चढवला. समोरच्या दारावर बाहेर जाण्याच्या वाटेची हिरवी पाटी जळत होती. चष्म्यातून ती विझली. पार काळी. काढला, पाटी पेटली. लावला, पुन्हा विझली.

हा चष्मा हिरवा प्रकाश थेंबभरही आत सोडत नव्हता. सोनारीण तो रोज लावत होती, हे तिच्याविरुद्धच्या साक्षीदारानेच सांगितलं होतं, सहीनिशी.

मग तिचा डोळा जाळला कोणत्या प्रकाशाने?

४

सर व्याख्यान देत होते. भिंतभर पडद्यावर आलेख, हातात लांब लाकडी काठी. लेसरवर बोलणारा माणूस आलेख काठीने दाखवतो, याचं विद्यार्थ्यांना कौतुक वाटे. साधेपणा म्हणत.

भिंगकाका मागच्या बाकावर बसून त्या काठीकडे पाहत राहिले. त्यांना वेगळंच आठवत होतं. निवृत्तीआधी याच सरांचा हिरवा लेसर पॉइंटर त्यांनी दोनदा दुरुस्त केला होता, एकदा स्प्रिंग, एकदा बटण. पेनासारखा जाड, खिशाला कायम लावलेला. त्याच्याशिवाय सर जेवायलाही जात नसत.

व्याख्यान संपल्यावर सरांनी काकांचा हात प्रेमाने हातात घेतला. सोनारणीबद्दल वाईट वाटतं, म्हणाले. गुणी बाई, पण एका क्षणाचा हलगर्जीपणा आणि आठ महिन्यांची माती. बोलताना त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. काकांना हेच सगळ्यात जास्त खटकलं.

“सर, तो पॉइंटर कुठाय तुमचा?”

“हरवला हो. काठी बरी. तिला बॅटरी लागत नाही.”

“कधी हरवला?”

सरांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरली. त्यांनी पुन्हा टेकवली. “सात-आठ महिने झाले असतील. का?”

काका काही नाही म्हणाले आणि जिना उतरले. तो पॉइंटर त्यांनी पार आतपर्यंत उघडलेला होता. त्यात हिरवी चिप नसते. आत डोळ्याला न दिसणारा प्रकाश तयार होतो, एका छोट्या स्फटिकात घुसतो आणि बाहेर पडताना त्यातला थोडा हिरवा होतो. उरलेला, न दिसणारा, अडवायला पुढे एक खास काच लागते. बऱ्याच पॉइंटरांत ती काच घातलेलीच नसते. सरांच्या पॉइंटरात नव्हती. काकांनी तेव्हा सांगितलंही होतं.

न दिसणारा प्रकाश. नारिंगी चष्मा त्याला ओळखतसुद्धा नाही, सरळ वाट देतो.

पण हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. डबीत आज मेलेली चिप होती, दुसरं काही नाही. सरांचा शब्द एकीकडे, सातवीत शाळा सुटलेल्या म्हाताऱ्याचा एकीकडे. घड्याळात सव्वातीन वाजले होते.

ते धावतच सोनारणीच्या खोलीत शिरले आणि धापा टाकत विचारलं, “जळत्या डबीचा फोटो आहे का कोणाकडे? जुना?”

तिने फोन काढला. तीनशे तास पूर्ण झाले त्या दिवशी तिने स्वतःसोबत डबीचा फोटो काढला होता, सहा महिन्यांपूर्वी, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने. कोणाला दाखवला नव्हता, कारण फोटो बिघडला होता.

“फोन स्वस्तातला आहे माझा,” ती ओशाळून म्हणाली. “बघा ना, काहीतरी घाण आलीय त्यात.”

काकांनी भिंग पडद्याला लावलं. मग फोन तिला परत न देता स्वतःच्या खिशात टाकला.

५

चार वाजायला दहा मिनिटं असताना काकांनी एक फोन केला. मग ते संचालकांच्या खोलीत गेले. संचालक, सर, होणारे डॉक्टर बसलेले. सोनारीण दाराशी उभी. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. काकांनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि स्वतः उभे राहिले.

संचालकांनी पेन पुढे केलं.

“सही करतो,” काका म्हणाले. “आधी तो एसीचा रिमोट द्या.”

काकांनीच रिमोट उचलला, त्याचं तोंड संचालकांकडे केलं आणि बटण दाबून धरलं. काही दिसतंय का, असं विचारलं. काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी सोनारणीच्या फोनचा पुढचा कॅमेरा सुरू केला आणि रिमोट त्याच्यासमोर धरला. फोनच्या पडद्यावर रिमोटच्या तोंडाशी फिकट जांभळा ठिपका लुकलुकायला लागला.

“आपल्याला दिसत नाही, याला दिसतो,” काका म्हणाले. “आता हा सहा महिन्यांपूर्वीचा फोटो बघा.”

फोटोत सोनारीण होती, नारिंगी चष्मा लावून, ओठ मुडपून हसणारी. शेजारी जळती डबी. डबीच्या तोंडाशी हिरवा ठिपका, आणि त्याच्याभोवती तसाच जांभळा डाग फुललेला.

काकांनी घाई केली नाही. एकेक गोष्ट टेबलावर मांडावी तशी मांडली. ही बाई रोज चष्मा लावायची, तसं सुरक्षेच्या वहीत लिहिलंय, खाली सही तिच्याविरुद्धच्या साक्षीदाराची. तो चष्मा हिरवा प्रकाश पूर्ण अडवतो, दारातल्या पाटीवर कोणीही तपासावं. तरी डोळा भाजला. म्हणजे डबीतून हिरव्याखेरीज आणखी काहीतरी निघत होतं, न दिसणारं. सरांची चिप थेट हिरवा प्रकाश देते, हाच तर सगळा शोध. तिच्यातून असं काही निघायचं कारण नाही. पॉइंटरातून मात्र निघतं.

“सातशे तास त्या डबीत चिप जळत नव्हती,” काका म्हणाले. “पॉइंटरचं पोट जळत होतं. उद्या पाहुण्यांच्या यंत्राने ते एका मिनिटात ओळखलं असतं. म्हणून शनिवार-रविवारी मेलेली चिप परत आत गेली, आणि ती मारल्याचं पाप कोणाच्या तरी माथी मारायचं होतं.”

“कल्पनाविलास आहे हा,” सर शांतपणे म्हणाले. “जांभळा डाग फोनचाही असू शकतो.”

“असू शकतो. पण झाकण बघा, सर.” काकांनी फोटो मोठा केला. “चार स्क्रू. चार दिशांना. ही बाई खाच तिरकी ठेवूच शकत नाही, तिच्या वीस डब्या बाहेर ठेवल्यात. हे होणारे डॉक्टर म्हणाले, सोमवारी आपण उघडली. फोटो सहा महिन्यांपूर्वीचा आहे.” ते विद्यार्थ्याकडे वळले. हळूच विचारलं, “कितव्या तासाला मेली रे चिप?”

पोराने सरांकडे पाहिलं, मग सोनारणीच्या मिटलेल्या डोळ्याकडे. ती त्याच्याकडेच पाहत होती, उरलेल्या एका डोळ्याने.

“एक्केचाळिसाव्या,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी संस्थेचं मंडळ बघायला येणार होतं. सर म्हणाले, उद्यापुरतं. खिशातून पॉइंटर काढून दिला. मला माहीत नव्हतं त्यातून आणखी काही निघतं. शनिवारचं मी खोटं बोललो. ताई, मला खरंच माहीत नव्हतं.”



सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला. “उद्यापुरतंच होतं ते,” ते म्हणाले. “मला वाटलं, दुसरी चिप महिनाभरात जमेल. मग प्रत्येक उद्याला आणखी एक उद्या लागत गेला.” पुन्हा हिरवा पॉइंटर हातात धरायची त्यांची हिंमत झाली नव्हती. म्हणून ती काठी.

“मी सांगितलं होतं तुम्हाला, त्यात काच नाही,” काका म्हणाले.

“विसरलो,” सर म्हणाले.

६

सगळ्यांत आधी सावरले ते संचालक. खुर्चीचं वजनच असं असतं. त्यांनी टाईप केलेला निकाल फाडला, दोन तुकडे नीट कचरापेटीत टाकले आणि समजूतदार आवाजात बोलायला लागले. चूक झाली. माणसांकडूनच होते. निकाल बदलू. चिप नैसर्गिक बिघाडाने गेली असं लिहू, डोळा अपघाताने. बाईंची नोकरी राहील, उपचार संस्था करेल, हवं तर बढतीचंही पाहू. सर तब्येतीच्या कारणाने रजेवर जातील. उद्याची भेट पुढे ढकलू. फक्त हे या चार भिंतींत राहायला हवं. इतक्या लोकांचं भवितव्य आहे.

पेन पुन्हा काकांच्या पुढे आलं.

भिंगकाकांनी सोनारणीकडे पाहिलं. सही केली तर तिला सगळं मिळत होतं, सकाळी मागितलं असतं त्याहून जास्त. नाही म्हणायचा हक्क त्यांचा नव्हता. त्यांनी पेन उचललं नाही. खिशातून एक कागद काढून तिच्या हातात दिला. मघाशी फोन केला होता तो नेत्रतज्ज्ञाला. अहवालाचं दुसरं पान त्याने शब्दन् शब्द वाचून दाखवलं होतं आणि काकांनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात उतरवलं होतं.

सोनारणीने कागद डाव्या डोळ्याजवळ धरला. वाचायला तिला वेळ लागला. मग तिने तो मोठ्याने वाचला, शाळेत धडा वाचावा तसा, एकाही शब्दावर जोर न देता.

“रुग्ण नियमित चष्मा वापरते. चष्मा मी तपासला, तो हिरवा प्रकाश पूर्ण अडवतो. त्यामुळे इजा अदृश्य किरणांमुळे झाली असावी. उगम सापडेपर्यंत त्या खोलीत कोणालाही जाऊ देऊ नये.”

संचालक म्हणाले की असं पान आपल्या पाहण्यात आलं नाही.

काकांनी फाईल उघडली, पहिलं पान वर काढलं आणि आवक शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्क्याखाली एक ओळ होती, शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या हातची: पाने दोन, जोडलेली. तिच्या शेजारी संचालकांची सही. आणि वरच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं, पिन उपसताना जरा फाटलेली.

सर वळून संचालकांकडे पाहायला लागले. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

सोनारीण उठली. खुर्ची मागे सरकवली, ती सरळ आहे ना हे हाताने चाचपून पाहिलं, कारण त्या बाजूचं तिला नीट दिसत नव्हतं. मग टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“हे पान आलं तेव्हा माझ्या डोळ्यातला डाग मोहरीएवढा होता,” ती म्हणाली. “त्यानंतर पाच महिने मी रोज त्या खोलीत गेले. रोज डबीला डोळा लावून रेषा जुळवली. तुम्ही जिन्यात भेटायचात, विचारायचात, काय सोनारीणबाई, कसं काय. मी म्हणायचे, ठीक आहे साहेब.”

संचालकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मला बढती नको. सही नको कोणाची. मला एवढंच सांगा. दुसरं पान वाचून तुम्ही ते कशासाठी काढलंत? आणि काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या खोलीत जाताना पाहिलंत, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?”

टेबलावर फोन तसाच उघडा होता. पडद्यावर ती नारिंगी चष्म्यात हसत होती, दोन्ही डोळे शाबूत.

“बोला, साहेब. मी थांबलेय. उत्तर द्या.”